ग्रेलिंगची फ्लाय आणि मोरपिसाचा प्रश्न

नोकरीनिमित्त युरोपात गेलेली धुळे-जळगावकडची काही मुलं तिकडच्या थंड नद्यांवर ग्रेलिंग नावाच्या माशाच्या नादी लागली आहेत. दिवाळीला गावी आली की परत निघताना त्यांचा एक प्रश्न हमखास येतो: यावलकडच्या शेतात बांधावर पडलेली मोरपिसं बॅगेत टाकली तर चालतील का? चालत नाहीत. पण हा मोह होतो कशामुळे, हे कळायला ग्रेलिंगच्या फ्लायची, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेल्या किड्यासारख्या आमिषाची, जुनी गोष्ट थोडी उलगडावी लागते.

फार मागे जाण्याचं कारण नाही. उत्तर इंग्लंडच्या खळाळत्या नद्यांवर मेण लावलेला रेशमी धागा आणि तित्तराचं एक मऊ पीस एवढ्यावर भागायचं, आणि त्या विरळ फ्लाय आजही ग्रेलिंगला चालतात. चित्र बदललं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, वूस्टरशायरमध्ये बांधलेल्या एका फ्लायने. ती पुढे ‘रेड टॅग’ म्हणून ओळखली गेली. शेपटाला लाल लोकरीचा आखूड झुबका, अंगाला मोरपिसाच्या तंतूंचे वेढे, गळ्याशी तांबूस कोंबड्याचं पीस. ती कुठल्या एका किड्याची नक्कल नाही, तरीही ग्रेलिंगसाठी पहिलं नाव आजही बहुतेकदा तिचंच निघतं. पुढे टास्मानियातल्या भुंगेरे खाणाऱ्या ट्राउट माशांवरही ती तितकीच चालली.

ग्रेलिंगचं तोंड लहान आणि खालच्या बाजूला असतं. तो तळाशी राहतो, वरची माशी दिसली की जवळजवळ सरळ वर येतो आणि पुष्कळदा चुकतो. म्हणून गळ बारीक, चौदा ते अठरा नंबरचा, आणि फ्लायमध्ये डोळ्यात भरेल असं काहीतरी हवं. मोरपिसाचा तंतू उन्हात कधी काशासारखा, कधी हिरवा चमकतो. त्याचा दोष एकच, तो ठिसूळ आहे. नुसता गुंडाळला तर दोन-तीन माशांच्या दातांनी तुटतो. म्हणून पिसाच्या डोळ्याजवळचे तीन-चार तंतू घ्यायचे, बांधायच्या धाग्याभोवतीच पीळ द्यायचा आणि तो दोर एकत्र गुंडाळायचा. वरून उलट्या दिशेने बारीक तार फिरवली तर फ्लाय हंगामभर टिकते.

दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या नद्यांवर मात्र ग्रेलिंगची कदर नव्हती. तो ट्राउटचं खाणं पळवतो म्हणून नदीरखवालदार त्याला उपद्रवी समजून काढून टाकत. अशाच एका रखवालदाराने विसाव्या शतकात त्याला पकडण्यासाठी जी फ्लाय काढली, तिला ना पीस ना धागा. गळावर तांब्याची तार, तिच्यावर करड्या-गुलाबी छटेची रफूची लोकर, आणि शेवट पुन्हा त्याच तारेने. गोड्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाचा तो आभास. ती 477 क्रमांकाची लोकर बनणं बंद झालं, आणि तिची जुनी गुंडी मिळवायला लोक आजही वाट्टेल ती किंमत देतात. आपल्याकडे करायची तर तार मोटार रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात मिळते.

1980 च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाच्या स्पर्धकांनी आखूड दोरीवर जड निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्याच्या अळीसारखी फ्लाय, तळाशी घरंगळत नेण्याची पद्धत जगापुढे आणली. आणि नॉर्वेच्या ग्लोमा नदीवर एका डच माणसाने वाकड्या गळाची फ्लाय बांधली, जिचं पोट पाण्याखाली लोंबतं आणि पिसं छत्रीसारखी वर आडवी पसरतात. ती ग्रेलिंगसाठीच जन्मली, आणि तिच्या छातीला पुन्हा मोरपिसाचेच तंतू आहेत.

आता कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोराला सर्वोच्च संरक्षण दिलं, पण शेपटीच्या पिसांना देशांतर्गत व्यापारात सवलत ठेवली. परदेशी पाठवायला मात्र मनाई आहे. वाद आहे तो या सवलतीवर. पावसाळा सरताना मोर पिसारा झाडतो, ती गळालेली पिसं वेचली तर पक्ष्याला इजा नाही, हा त्यामागचा विचार. विरोधकांचं म्हणणं असं की बाजारातल्या ढिगात झडलेलं कुठलं आणि उपटलेलं कुठलं, हे कोण पाहतो? ते पाहता येतं. आपोआप गळालेल्या पिसाच्या देठाचं टोक कोरडं, स्वच्छ असतं. उपटलेल्याच्या टोकाला रक्ताचा डाग राहू शकतो. पण देठ छाटून टाकला की पुरावाही गेला, आणि विष घालून मोर मारल्याच्या बातम्या येतच राहतात. म्हणून सवलतच काढून टाकावी, अशी मागणी पुन्हा पुन्हा होते.

खानदेशातून पाहिलं तर हे इतकं सरळ नाही. सातपुड्यात काठी गावच्या होळीला बावा-बुध्यांच्या, म्हणजे नवस पाळून नाचणाऱ्यांच्या, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप असतात. वासुदेवाची टोपी तर सगळ्या महाराष्ट्राने पाहिली आहे. सवलत गेली तर पहिला फटका या माणसांना बसेल, विष घालणाऱ्याला नाही. निर्यातबंदीचं तसं नाही. हौशी मासेमाराच्या डबीसाठी सातपुड्यातल्या मोरावर परदेशी बाजाराचा भार पडू नये, आणि ही बंदी आहे तशीच राहायला हवी. एका पिसात कित्येक फ्लाय होतात हे खरं, पण बॅगेतल्या एका पिसाला मुभा दिली की पेटीभर पिसांना कुठे अडवणार? युरोपात पाळीव मोरांची पिसं दुकानात मिळतात, ती घ्यावीत.

गळ्याशी बांधायच्या पिसांचं काम यापेक्षा सोपं आहे. एके काळी कोंबड्यांच्या मानेची पिसं भारत आणि चीनमधून गठ्ठ्यांनी इंग्लंडला जात. राखी रानकोंबड्याच्या मानेला तर फ्लाय बांधणाऱ्यांत सोन्याचा भाव होता, आणि त्याची किंमत त्या पक्ष्याने मोजली. पुढे अमेरिकेतल्या पैदासकारांनी खास पिसांसाठी कोंबडे वाढवले, त्यांची पिसं लांब, ताठ आणि एकसारखी निघाली, आणि आपला माल मागे पडला. पण ग्रेलिंगच्या बुडणाऱ्या फ्लायला ताठ पीस नकोच असतं. तिथे नंदुरबारकडच्या अंगणात फिरणाऱ्या कडकनाथचं मऊ काळं पीस उत्तम बसतं. कडकनाथमध्ये सोनेरी छटेचे आणि पेन्सिल्ड, म्हणजे पिसांवर बारीक रेषा असलेले, पक्षीही असतात, आणि गिरणेवर चिलापीसाठी बांधताना आम्ही आधी त्यांचीच पिसं काढतो.