तापाचे पहिले दोन दिवस

इंदूरच्या मराठी घरांत आजारपणाच्या रजेच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदल्या. एक होळकरांच्या कचेऱ्यांत, पुढे सरकारी खात्यांत, बँकांत, शाळांत नोकरी करणाऱ्यांची. दुसरी मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्यांची. पहिल्या घरात ताप आला की रजेचा अर्ज जाई. दुसऱ्या घरात खाडा पडे, आणि खाड्याचा पगार नसे. शिवाय गिरणीच्या फाटकावर बदली कामगार उभेच असत. कायमचा माणूस आला नाही, की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्या दिवशी दुसरा चढे. जागा जाईल या धास्तीने माणूस अंगात ताप घेऊन कामावर जाई. आजही सकाळी कणकण असताना ‘जावं की रजा टाकावी’ म्हणून जीव खालीवर होतो, त्यात ही जुनी धास्ती आहे असे मला वाटते.

आजाऱ्याचा पगार कुणी द्यायचा, याचे पहिले मोठे सरकारी उत्तर जर्मनीत १८८३ मध्ये मिळाले: सक्तीचा आजारपण विमा, अर्धी मजुरी, १३ आठवड्यांपर्यंत. आपल्याकडे त्याला साठ-पासष्ट वर्षे लागली. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते होते इंदूरशेजारच्या महूत जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. १९४४ मध्ये आडारकरांचा अहवाल आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. ती इंदुरातही आली. नंदानगरचे तिचे रुग्णालय आजही सगळ्यांच्या तोंडी ‘बीमा अस्पताल’च आहे.

या कायद्याचे मोल मी कमी करणार नाही. आजारी कामगाराला मजुरीचा काही भाग मिळू लागला; पुढच्या नियमांत सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची विम्याची वर्गणी भरलेल्याला मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. क्षयाने किंवा विषमज्वराने घर बसायचे, ते काही प्रमाणात थांबले. पण त्यातच एक अट होती: आजारपणाचे पहिले दोन दिवस विना लाभ. आधीचे आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात तरच सूट. किरकोळ दाव्यांचा आणि खोट्या आजारांचा बोजा पडू नये, हा अशा अटींमागचा विचार. परिणाम असा की लांब आजारपणाला आधार मिळाला आणि एका दिवसाचा ताप ज्याचा त्यानेच सोसायचा राहिला.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्यातही (१९४८) आजारपणाची वेगळी रजा नव्हती. वर्षात २४० दिवस काम केल्यावर, वीस दिवसांमागे एक या हिशेबाने, भरपगारी रजा मिळे. आजारपणासाठी ती घ्यायची तर आधी अर्ज द्यावा लागत नसे, एवढीच सवलत. केंद्र सरकारी नोकराला वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगाराची करून घेता येते. पण एका दिवसाच्या तापासाठी दाखला कोण आणत बसणार? तो जातो आठ किरकोळ रजांतून, आणि त्याच आठांत भाचीचे लग्न आणि पुतण्याची मुंजही बसवायची असते.

१९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. थकलेल्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये कामगारांच्या वाट्याला यायला डिसेंबर २०२३ उजाडला. पुढच्या पिढीतली कितीतरी मुले ठेकेदारांकडे, दुकानांत, घरपोच सेवांत लागली. विमा योजनेची पगारमर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे. त्याहून थोडा जास्त पगार असलेला खासगी नोकर त्या छत्राबाहेर, आणि रोजंदारीवरच्या पोराला तर आजही खाडाच.

फ्लूचा रोगी सर्वांत जास्त संसर्ग पसरवतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच. म्हणजे घरी राहणे ज्या दिवसांत सर्वांत गरजेचे, नेमके तेच दिवस विम्याने वगळले. ते दोन दिवस विम्यात यायलाच हवेत.