बकेट पॉलिसीच्या पहिल्याच ओळीत 2012 ची तारीख कुठून आली

एस-थ्री म्हणजे ॲमेझॉनची इंटरनेटवर फाइली ठेवायची सेवा. तिथल्या डब्याला बकेट म्हणतात, आणि त्या बकेटमध्ये कोणाला काय करता येईल हे लिहिलेली फाइल म्हणजे बकेट पॉलिसी. ती कधी उघडून बघितली असेल तर वरच व्हर्जनपुढं एक तारीख दिसते, 2012-10-17. नवीन पोरांना वाटतं ही पॉलिसी लिहिल्याची तारीख, मग ती इमानदारीत आजची तारीख टाकतात आणि फाइल काही सेव्ह होत नाही. मीपण टाकलेली, लाजायचं काय त्यात. ती तारीख म्हणजे पॉलिसी ज्या भाषेत लिहायची त्या भाषेची आवृत्ती, आणि अशा दोनच आवृत्त्या आहेत, दुसरी 2008-10-17. महिना तोच, दिवस तोच, मधे चार वर्षं. ही फाइल आपल्या सातबाऱ्यासारखी आहे बघा, नवा फेरफार चढतो, जुन्या नावाला कंस होतो पण ते पुसलं जात नाही.

सुरुवात 14 मार्च 2006 ला झाली. ॲमेझॉननं एस-थ्री आणलं, एका जीबीला महिन्याला 15 सेंट, बकेट बनवा आणि त्यात ऑब्जेक्ट, म्हणजे फाइली, टाका. कोणाला काय दिसावं यासाठी तेव्हा एकच साधन होतं, एसीएल, म्हणजे कोणाला कसली परवानगी याची यादी. एसीएल ही काय ॲमेझॉनची कल्पना नव्हे, मल्टिक्ससारख्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये 1960 च्या दशकापासून फाइलला अशी यादी चिकटवायचे. एस-थ्रीमध्ये ती एक्सएमएलमध्ये असायची, बकेटची एक आणि वर प्रत्येक ऑब्जेक्टची आपापली. परवानग्या मोजून पाच: वाचा, लिहा, ही परवानग्यांची यादी वाचा, ती यादी बदला आणि फुल कंट्रोल. समोरचा माणूस म्हणजे 64 अक्षरांचा एक आकडेअक्षरांचा लगदा. आणि मोठी गंमत म्हणजे यात "नाही" म्हणायची सोयच नव्हती, फक्त "हो" म्हणता यायचं, तेही अटीबिटी न घालता. अमुक आयपीवरूनच, म्हणजे अमुक नेटवर्क पत्त्यावरूनच, या, असलं काही नाही. दहा लाख फाइली असतील तर दहा लाख याद्या, एखाद्याला काढायचं म्हटलं की लूप लावून बसा.

एसीएलमध्ये दोन मोठे तयार ग्रुप होते आणि पुढच्या बऱ्याच भानगडी त्यातल्या दुसऱ्यापायी झाल्या. पहिला ऑल युजर्स, म्हणजे अख्खं जग, ते निदान नावावरून कळतं. दुसरा ऑथेंटिकेटेड युजर्स. वाचणाऱ्याला वाटायचं लॉगिन केलेले म्हणजे आपलीच माणसं, पण त्याचा अर्थ होता एडब्ल्यूएसचं, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडचं, कुठलंही खातं असलेला जगातला कोणीही, आणि खातं काय पाच मिनिटांत निघतं. म्हणजे तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवलंय की फ्लॅटमालक असेल त्यालाच आत सोड, आणि तो पठ्ठ्या कुठल्याही गावात कुठल्याही सोसायटीत फ्लॅट असलेल्याला सलाम ठोकून आत सोडतोय.

अजून एक त्रास म्हणजे मालकीचा. दुसऱ्या खात्यातून कोणी तुमच्या बकेटमध्ये फाइल टाकली तर ती फाइल त्याची! जागा तुमची, भाडं तुम्ही भरताय आणि वाचायला गेलात तर ॲक्सेस डिनाइड. पाठवणाऱ्यानं आठवणीनं "बकेटमालकाला फुल कंट्रोल" अशी परवानगी लावूनच फाइल पाठवायची असायची, आणि पाठवणारे ते हमखास विसरायचे.

बकेट पॉलिसी आली जुलै 2010 मध्ये. ही भाषा आधी एसक्यूएस या मेसेजच्या रांगांच्या सेवेत 2009 ला वापरात आली होती, 2008 ची तारीख त्याच काळातली. आता जेसन नावाच्या साच्यात लिहायचं: इफेक्ट म्हणजे अलाव का डिनाय, प्रिन्सिपल म्हणजे कोण, ॲक्शन म्हणजे काय करणार, रिसोर्स म्हणजे कशावर, आणि लागली तर कंडिशन. नियम असा की कोणी काही बोललं नाही तर नाही, कोणी हो म्हटलं तर हो, पण एकानं जरी स्पष्ट डिनाय लिहिलं तर बाकीच्या शंभर जणांचा हो वाया. हा शेवटचा भाग मला फार आवडतो, एक डिनाय नीट लिहिलं की झोप लागते. (तेच डिनाय चुकीचं लिहिलं तर आपणच बाहेर राहतो, मग रूट, म्हणजे मूळ मालकाच्या, खात्याचा पासवर्ड शोधत फिरा.)

रिसोर्सच्या ओळीत आपण जो लांबलचक पत्ता लिहितो त्यात एस-थ्रीनंतर सलग तीन कोलन येतात, मधे काहीच नाही. तिथं खरं तर रीजन, म्हणजे कुठल्या भागातलं डेटा सेंटर, आणि खात्याचा नंबर असतो, बाकीच्या बऱ्याच सेवांना लिहावाच लागतो. बकेटचं नाव मात्र पहिल्यापासून जगात एकमेव असावं लागायचं, मग नंबराची गरज काय, म्हणून त्या जागा रिकाम्याच राहिल्या. आणि त्याच ओळीत सगळ्यांचा पाय घसरतो तो स्लॅश-स्टारवर, म्हणजे "आतलं सगळं" या खुणेवर. आतल्या फाइलींची यादी बघायची परवानगी बकेटवर असते, फाइल वाचायची परवानगी आतल्या ऑब्जेक्टवर, म्हणून एकदा नुसतं नाव आणि एकदा नावापुढं स्लॅश-स्टार असे दोन पत्ते द्यावे लागतात. एकच दिला की यादी दिसते पण फाइल उघडत नाही, किंवा उलटं. एरर दोन्ही वेळी तीच, 403, म्हणजे प्रवेश नाही, कारण विचारू नका.

आयएएम, म्हणजे एका खात्यात वेगवेगळे युजर करायची सोय, तिची चाचणी आवृत्ती सप्टेंबर 2010 ची आणि पक्की आवृत्ती मे 2011 ची. त्याआधी अख्खी टीम खात्याच्या एकाच किल्लीवर चालायची. आता परवानगी तीन ठिकाणी लिहिता यायला लागली: एसीएलमध्ये, बकेटवर आणि युजरवर. जुनं काही काढलं नाही, कारण काढलं तर लोकांचं चालू काम बंद पडेल.

मग 2012 च्या आवृत्तीत व्हेरिएबल आले. पॉलिसीत युजरनेमच्या जागी डॉलर आणि महिरपी कंस टाकून लिहायचं, ज्याचं नाव त्याचा फोल्डर. शंभर जणांना शंभर पॉलिसी नको, एकीत भागतं. पण वर तारीख 2008 ची असेल, किंवा तारीख लिहिलीच नसेल, तर तो डॉलर-कंस नुसता मजकूर समजला जातो. आधीच्या एका नोकरीत आम्ही तीन जण अख्खी दुपार एका पॉलिसीपुढं डोकं धरून बसलो होतो, कंस मोजले, कॉमे मोजले, सगळं बरोबर, कोणाचाच फोल्डर उघडेना. सिस्टीम बिचारी डॉलरनं सुरू होणाऱ्या नावाचा खराखुरा फोल्डर शोधत होती. शेवटी चहा घेऊन आलेल्या चौथ्यानं वरची तारीख बघितली.

फेब्रुवारी 2011 मध्ये बकेटवरून थेट वेबसाइट चालवायची सोय आली, त्याला प्रिन्सिपल स्टार म्हणजे सगळ्यांना वाचू द्या अशी पॉलिसी लागायची. चार ओळींचा तो तुकडा ट्युटोरियलमधून ट्युटोरियलमध्ये फिरत राहिला. वेबसाइटसाठी ठीक होतं, पण लोकांनी तो बॅकअपच्या बकेटलाही चिकटवला कारण "तेवढं केल्यावर चाललं".

त्याची वसुली 2017 मध्ये झाली. जूनमध्ये अपगार्ड या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी डीप रूट ॲनालिटिक्स या अमेरिकन फर्मची उघडी बकेट जाहीर केली, सुमारे 19.8 कोटी अमेरिकन मतदारांची माहिती, 1.1 टीबी, पासवर्ड वगैरे काही नाही. जुलैमध्ये डाऊ जोन्सचा नंबर लागला, तिथं कंपनीच्या म्हणण्याप्रमाणं 22 लाख ग्राहकांची माहिती उघडी होती आणि सेटिंग होतं, ओळखा कुठलं, ऑथेंटिकेटेड युजर्स. आपला वॉचमन! त्याच महिन्यात व्हेरायझन या फोन कंपनीच्या ग्राहकांचा डेटा, ऑक्टोबरमध्ये ॲक्सेंचरच्या चार बकेटा. हे सगळं सेवा फुटून झालेलं नव्हतं, ज्यानं जे लिहिलं होतं ते तसंच्या तसं पाळलं गेलं होतं. नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉननं कन्सोलमध्ये, म्हणजे सेवा हाताळायच्या वेबपानावर, उघड्या बकेटपुढं ठळक पब्लिक असं लिहायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबर 2018 मध्ये ब्लॉक पब्लिक ॲक्सेस आणलं, म्हणजे बकेट जगाला उघडी करणाऱ्या परवानग्या अडवायची सोय. त्यात चार खुणा: दोन एसीएलसाठी, दोन पॉलिसीसाठी. आता पॉलिसी पब्लिक आहे का हे ठरवणं सोपं वाटतं पण नाहीये, प्रिन्सिपल स्टार असेल पण कंडिशनमध्ये ऑफिसचा आयपी असेल तर ती पब्लिक नव्हे. म्हणून पॉलिसीचं गणिती सूत्र करून तपासणारं झेल्कोवा नावाचं इंजिन मागं लावलेलं आहे.

आणि बकेट पब्लिक नसली म्हणजे वाचलात असं नाही हे 2019 मध्ये कॅपिटल वन या अमेरिकन बँकेच्या प्रकरणात दिसलं. अमेरिकेतल्या जवळपास 10 कोटी आणि कॅनडातल्या 60 लाख लोकांची माहिती गेली. तिथं बकेट बंद होती, पण फायरवॉलच्या चुकीच्या सेटिंगमधून त्या सर्व्हरच्या रोलची, म्हणजे त्याला परवानग्यांसाठी दिलेल्या ओळखीची, किल्ली मिळाली, आणि त्या रोलला इतक्या बकेटा वाचायची परवानगी होती की विचारू नका. फायरवॉलला ग्राहकांच्या अर्जांचं काय काम?

आपल्याकडचं उदाहरण 2020 चं. व्हीपीएनमेंटर या साइटच्या संशोधक टीमनं सीएससी-भीमच्या, म्हणजे गावोगावच्या सेवा केंद्रांमधून भीम हे पैसे द्यायचं ॲप पसरवायच्या मोहिमेच्या, वेबसाइटशी जोडलेली उघडी बकेट सापडल्याचं जाहीर केलं, 409 जीबी, सुमारे 72 लाख 60 हजार नोंदी, त्यात आधार कार्डांचे आणि जातीच्या दाखल्यांचे स्कॅनपण असल्याचं त्यांनी लिहिलं. भीम ॲपचा डेटा फुटलेला नाही असं ते ॲप चालवणाऱ्या एनपीसीआयनं सांगितलं. म्हणजे तलाठी ऑफिसात रांग लावून काढलेले दाखले स्कॅन होऊन कुठं जाऊन पडले होते बघा.

मालकीचा तिढा सुटायला नोव्हेंबर 2021 उजाडलं, तेव्हा एसीएल पूर्ण बंद करायची सोय झाली आणि ती वापरली की बकेटमधलं सगळं बकेटमालकाचं. आणि एप्रिल 2023 पासून नवीन बकेट बनवली की एसीएल बंद आणि ब्लॉक पब्लिक ॲक्सेस चालू, हे आपोआप. सतरा वर्षं लागली. गूगलकडंही एसीएल बाजूला ठेवून सगळं बकेटच्या पातळीवर ठरवायची सोय आहेच, आणि मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूरनंही पुढं नव्या खात्यांना बिनओळखीचा प्रवेश बंदच ठेवला.

आता होतं काय की नवीन पोरगा जुनं ट्युटोरियल बघून तो प्रिन्सिपल स्टारवाला तुकडा चिकटवतो, सेव्ह केलं की ॲक्सेस डिनाइड येतं, मग उत्तर शोधतो आणि कोणीतरी सांगतं ब्लॉक पब्लिक ॲक्सेसच्या चारही खुणा काढून टाक. आणि 2023 चा तो बदल जुन्या बकेटांना लागूच नाही, त्या जशा होत्या तशाच आहेत. आमच्याकडं अशी एक आहे, पॉलिसीवर 2008 ची तारीख, लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेला, आत बिलांच्या पीडीएफ. तारीख बदलून बघू असं मी दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा सगळे लॅपटॉपमध्ये बघायला लागले.