स्नायूंचं मशीन घरी नेण्याआधी

गुडघ्याचं ऑपरेशन झालं की मांडीचा पुढचा स्नायू काही दिवसांतच सुकायला लागतो. सूज आणि दुखण्यामुळे मेंदूचा हुकूम तिथवर नीट पोचत नाही. ईएमएस (इलेक्ट्रिकल मसल स्टिम्युलेशन) मशीन तेवढ्या काळापुरतं हे काम बाहेरून करतं: पॅडमधून विजेच्या बारीक लहरी मज्जातंतूपर्यंत जातात आणि स्नायू आवळला जातो. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातले आमच्या दुकानाचे बहुतेक ग्राहक यासाठीच मशीन नेतात.

मशीन मांडी आवळेल तेव्हा तुम्हीही जोर लावून ती आवळा. टीव्ही बघत नुसतं पडून राहिलात, तर बराचसा फायदा वाया जातो.

एक पॅड मांडीच्या वरच्या भागात बाहेरच्या बाजूला, दुसरं वाटीच्या चार बोटं वर आतल्या बाजूला. टाक्यांवर नको. कातडी साबणाने धुऊन कोरडी करा. पायाला तेल चोळायची आपली सवय चांगलीच आहे, पण तेल मशीननंतर. तेलकट कातडीवर पॅड सुटतं आणि कडेला चटका बसतो. करंट शून्यापासून हळूहळू वाढवा. आधी मुंग्या येतील, मग स्नायू आवळेल. टोचलं किंवा भाजल्यासारखं वाटलं, की आधी मशीन बंद, मग पॅडला हात.

मशीनवर साधारण ३५ ते ५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढ्या लहरी) ठेवा, १० सेकंद चालू, सुरुवातीला निदान ३० सेकंद विश्रांती, एकूण १५ ते २० मिनिटं. फिजिओथेरपिस्टने वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा.

पेसमेकर असलेल्यांना आम्ही मशीन देत नाही, कितीही आग्रह केला तरी. फिट्स येत असतील, पायात रक्ताची गुठळी असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय नेऊ नका. मानेच्या पुढच्या भागावर आणि छातीवर पॅड कधीच लावू नका. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर चटका कळतच नाही, म्हणून तिथेही नको.

पोट कमी होईल का, असं खूपजण विचारतात. होत नाही, या मशीनने चरबी वितळत नाही. नवरात्रात गरबा खेळून पोटऱ्या भरून आल्या, तर थकलेल्या स्नायूला पुन्हा आवळायला लावू नका. त्याला विश्रांती द्या.

पॅड वापरून झालं की प्लास्टिकवर चिकटवून पिशवीत बंद करा. बडोद्याच्या मे महिन्यात उघडं राहिलं, तर जेल लवकर सुकतं. पहिल्यांदा दुकानातच लावून दाखवू. येताना फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी आणा.