जंक वॅक्स काळातील रुकी कार्डे

बेसबॉल खेळाडूंची छायाचित्रे छापलेली छोटी कार्डे लोक जमवतात. खेळाडूच्या पदार्पणाच्या सुमारास निघालेल्या त्याच्या पहिल्या अधिकृत कार्डाला ‘रुकी कार्ड’ म्हणतात. अमेरिकेत साधारण १९८६ ते १९९३ या वर्षांत अशी कार्डे वारेमाप छापली गेली. ती मेणकागदाच्या पाकिटांतून विकली जात, म्हणून संग्राहकांमध्ये या काळाला ‘जंक वॅक्स’ (भंगार मेण) हे नाव पडले.

१९८० पर्यंत या धंद्यावर टॉप्स कंपनीची मक्तेदारी होती. त्या वर्षीच्या न्यायालयीन निकालामुळे वाट मोकळी झाली आणि १९८१ मध्ये फ्लीअर व डॉनरस बाजारात उतरल्या. पुढे अपिलात निकाल फिरला, पण तो मुख्यतः च्युइंगमसोबतच्या विक्रीपुरता लागू होता. फ्लीअरने गमऐवजी स्टिकर आणि डॉनरसने चित्रकोड्याचे तुकडे देऊन धंदा चालू ठेवला. १९८८ मध्ये स्कोर आणि १९८९ मध्ये अपर डेक आली. दरम्यान १९५२ च्या टॉप्स संचातील मिकी मँटल या नामवंत खेळाडूच्या कार्डासारख्या जुन्या कार्डांचे भाव चढत होते. ते चढले कारण मुलांनी ती कार्डे खेळून फाडली आणि घरच्यांनी टाकून दिली. नव्या कार्डांच्या वाट्याला ते आले नाही: गुंतवणूक म्हणून लोकांनी पेट्याच्या पेट्या जपल्या आणि म्हणूनच त्यांना भाव आला नाही. १९९४ च्या खेळाडूंच्या संपात वर्ल्ड सिरीज ही हंगामाची अंतिम मालिकाच रद्द झाली, तेव्हा आधीच ढासळलेल्या बाजाराला आणखी फटका बसला.

१९८९ च्या अपर डेक संचातील पहिल्या क्रमांकाचे केन ग्रिफी ज्युनिअरचे कार्ड या काळाचे सर्वात प्रसिद्ध कार्ड. छायाचित्र सॅन बर्नार्डिनो स्पिरिट या दुय्यम संघाच्या टोपीतले. छपाईपूर्वी टोपी सिअ‍ॅटल मरिनर्सची करून घेतली. ग्रिफी २०१६ मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मानदालनात गेला, तरी त्याचे कार्ड दुर्मीळ नाही. दुर्मीळ असते ती निर्दोष प्रत. पीएसएसारख्या संस्था कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राचे मध्यावर असणे तपासून १ ते १० श्रेणी देतात. दहाची किंमत नवाच्या कित्येक पट असते. साध्या कार्डाचा मात्र बहुधा तपासणीचा खर्चही निघत नाही. खेळाडूच्या नावापेक्षा प्रत आधी पाहावी, ती यासाठीच. १९९३ च्या अपर डेकच्या ‘एसपी’ संचातील डेरेक जीटरच्या कार्डावर चमकीचा थर आहे, तो कडेला हात लागला तरी उडतो. त्यामुळे त्याची दहा श्रेणीची प्रत क्वचितच दिसते.

छपाईतल्या चुकांनाही वेगळी मागणी आहे. १९९० च्या टॉप्समध्ये फ्रँक थॉमसच्या काही कार्डांवर पुढच्या बाजूला नावच छापले गेले नाही. नाव असलेले तेच कार्ड किरकोळ भावात मिळते. आखातात तैनात अमेरिकी सैनिकांना पाठवलेल्या १९९१ च्या ‘डेझर्ट शील्ड’ टॉप्सवर सोनेरी शिक्का आहे आणि चिपर जोन्सचे रुकी कार्ड त्यातले सर्वाधिक मागणीचे. साध्या टॉप्सवर बनावट शिक्का उठवून विकण्याचे प्रकार झाल्याने, हे कार्ड घेताना शिक्का भिंगाखाली अस्सल कार्डाशी ताडून पाहतात.