ट्रेन दिसत नाही, पण छातीत धडधडतं

जीव कासावीस करणारा एखादा सीन घ्या आणि तो परत म्यूट करून बघा. चेहरे तेच, कॅमेरा तोच, पण त्यातला जीवच गेल्यासारखा वाटतो. आपण लगेच म्हणतो, म्युझिक नाही ना म्हणून. मला ते अर्धंच खरं वाटतं, कारण कितीतरी जबरदस्त सीन्समध्ये म्युझिक नसतंच.

१९७२ चा ‘द गॉडफादर’ हा सिनेमा आठवा. रेस्टॉरंटमध्ये त्यातला नायक मायकल दोन माणसांसमोर बसलाय, थोड्याच वेळात त्याला त्यांच्यावर गोळ्या झाडायच्यात, आणि या सगळ्यात संगीत नाहीच, ते गोळ्या झाडून होईपर्यंत थांबून राहतं. त्याच्या जागी येतो ट्रेनचा कर्कश आवाज, वाढत वाढत जाणारा, आणि ट्रेन काही दिसत नाही. हे काम साउंड डिझायनर वॉल्टर मर्च यांचं, मी तर हा सीन नुसता ऐकण्यासाठी कितीदा तरी लावलाय.

आता हे चालतं कसं? आपला कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) ऐकतो पण सगळं सारखं नाही ऐकत, २,००० ते ५,००० च्या आसपास तो सगळ्यात तीक्ष्ण असतो, कारण कानाच्या नळीची लांबीच अशी आहे की तिथले आवाज आपोआप मोठे होतात. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज बराचसा त्याच पट्ट्यात पडतो. दुसरं म्हणजे खरखर. माणूस घाबरून किंचाळतो तेव्हा आवाजाचा जोर सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा वरखाली होत असतो, साध्या बोलण्यात हे चढउतार खूप सावकाश होतात, आणि अशा खरखरीत आवाजाला मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीती ओळखणारा भाग, जास्त जोरात प्रतिसाद देतो. त्यासाठी आवाज कसला आहे हे कळायलाही लागत नाही.

पण मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ट्रेन न दिसण्याची. आवाज आला की मेंदू त्याचा मालक शोधायला लागतो, ही सवयच आहे त्याची, आणि पडद्यावर तेव्हा फक्त मायकलचा चेहरा असतो, मग तो सगळा कल्लोळ त्याच्या डोक्यात चाललाय असंच आपल्याला वाटतं. अभिनेता जवळजवळ स्थिर बसलेला असतो!

शांततेचंही असंच. सिनेमात पूर्ण शांतता फार कमी वापरतात, कारण एकदम काहीच ऐकू आलं नाही तर स्पीकर बंद पडला की काय असं वाटतं. म्हणून प्रत्येक जागेचा रिकामा आवाज, रूम टोन, वेगळा रेकॉर्ड करून ठेवतात. मग वाईट बातमी कळते तेव्हा फ्रिजची घरघर, बाहेरची गाडी, एकेक करून हळूच काढून घ्यायचं. सतत चालणाऱ्या आवाजाकडे मेंदू दुर्लक्ष करायला लागलेला असतो, पण तो गेला की काहीतरी हललं हे त्याला कळतं, नेमकं काय ते सांगता येत नाही.

जवळ-लांबचा खेळ तर अजून साधा आहे. लांबून येणाऱ्या आवाजातले बारीक, उंच स्वर हवेतच विरतात आणि भिंतींवरून आपटून येणारा भाग वाढतो, म्हणून श्वास, ओठांचा आवाज, कपड्याची सळसळ स्वच्छ ऐकू आली की मेंदू धरून चालतो की हा माणूस हाताच्या अंतरावर आहे. कॅमेरा लांब असला तरी! ही सळसळ आणि पावलं बऱ्याचदा नंतर स्टुडिओत मुद्दाम करून घेतलेली असतात, त्या कामाला फोली म्हणतात, हॉलिवूडमध्ये असे आवाज करणाऱ्या जॅक फोली यांच्या नावावरून.

अचानक धाडकन आवाज करून दचकवणंही आहेच. पापणी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत मिटायला लागते, विचार मागून येतो. भयपटात ठीक आहे, पण भावनिक सीनमध्ये मला ते स्वस्त वाटतं.

आवडता सीन एकदा डोळे मिटून ऐका. मागे कुठेतरी घड्याळ टिकटिकत असेल तर ते कुठल्या वाक्याला थांबतं, तेवढं बघा.