सेक्टर १० ठीक आहे, पण नोड कुठला?

ऐरोलीला ऑफिस होतं तेव्हाची गोष्ट. एक कुरिअरवाला क्लायंट, पार्सलचं टेबल दोन कोटी ओळींच्या पुढे गेलेलं, आणि एक दिवस त्यांचा फोन, सेक्टरवार रिपोर्ट उघडायला मिनिटभर लागतंय, मोठा सर्व्हर घेऊ का? मी म्हटलं थांबा, आधी डेटाबेसलाच विचारू तो काय करतोय ते.

त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्यात क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, आधी एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लिहिलं की तो क्वेरी खरोखर चालवतो आणि कुठे किती वेळ गेला ते दाखवतो (डिलीटच्या क्वेरीआधी लावलंत तर डिलीटही खरंच होतं, सांभाळा). आमच्याकडे दिसला सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून वाचणं. पण इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, तर होता! नोड (वाशी, नेरूळ असे नवी मुंबईचे भाग), सेक्टर, प्लॉट, याच क्रमाने.

इथेच मेख आहे. नवी मुंबईत रिक्षावाल्याला नुसतं 'सेक्टर १०' सांगा, तो लगेच विचारणार, वाशीचा, नेरूळचा की खारघरचा? सेक्टरचे नंबर प्रत्येक नोडमध्ये परत येतात ना. इंडेक्सही तसाच लावलेला असतो, आधी नोड, त्याच्या आत सेक्टर, त्याच्या आत प्लॉट, त्यामुळे नोड न सांगता सेक्टर मागितला तर त्या नोंदी सगळीकडे विखुरलेल्या. युजर स्क्रीनवर नोड निवडत होता, पण आमचा कोड क्वेरीत फक्त सेक्टर पाठवायचा आणि नोड नंतर प्रोग्राममध्ये गाळायचा. नोडची अट क्वेरीत घातली, रिपोर्ट अर्ध्या सेकंदाच्या आत. पोस्टग्रेस १८ मध्ये स्किप स्कॅन आलाय, म्हणजे पहिल्या कॉलमची एकेक व्हॅल्यू घेत इंडेक्समध्ये उड्या मारत शोधणं, पहिल्या कॉलममध्ये मोजक्याच वेगवेगळ्या व्हॅल्यू असतील तर तो अशा वेळी मदत करतो, पण आमचं व्हर्जन जुनं होतं.

एवढा फरक पडतो कसा? इंडेक्स म्हणजे बी-ट्री, पानांचं एक झाड, वरच्या पानातली प्रत्येक नोंद खालच्या एका पानाकडे नेते. पोस्टग्रेसमध्ये त्याचं एक पान ८ केबीचं. एका पानात ३०० नोंदी धरा, तर तीन पायऱ्यांत ३०० × ३०० × ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोचता येतं. तीन पानं वाचायची! मला हे गणित अजूनही भारी वाटतं.

पण म्हणून प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाकत सुटू नका, प्रत्येक नवीन ओळ टाकताना ते सगळे अपडेट होतात. आणि अर्धं टेबल हवं असेल तेव्हा सीक्वेन्शियल स्कॅनच बरोबर असतो.

महिन्याभराने तोच रिपोर्ट परत अडला. खारघरचा जुना डेटा रात्री एकदम लोड केला होता. प्लॅनमध्ये अंदाज ४० ओळी, प्रत्यक्षात ९० हजार. प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग, टेबलबद्दलची आकडेवारी बघून रस्ता ठरवतो, आणि ती लोडच्या आधीची होती, म्हणून दोन टेबलं जोडायला थोड्या ओळींना परवडणारा नेस्टेड लूप (एका टेबलच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्यात शोधणं) त्याने निवडला. टेबलवर अ‍ॅनालाइझ (ही आकडेवारी ताजी करणारी वेगळी आज्ञा, मघाचं एक्सप्लेनवालं नव्हे) चालवलं, अंदाज ८७ हजारांवर आला, लूपच्या जागी हॅश जॉइन, म्हणजे खूप ओळी जोडायला परवडणारी पद्धत, दिसला. तेव्हापासून लोडच्या स्क्रिप्टची शेवटची ओळ अ‍ॅनालाइझ आहे.