वर्गणीवर चालणारी लाइफबोट

जुलै २०२१ मध्ये ब्रिटनचे राजकारणी नायजेल फराज यांनी एका संस्थेवर तोफ डागली. रबरी होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडू पाहणाऱ्या निर्वासितांना या संस्थेच्या बोटी वाचवत होत्या. फराज यांच्या मते ती स्थलांतरितांची टॅक्सीसेवा झाली होती. संस्थेने माफी मागितली नाही की सारवासारवही केली नाही. समुद्रात जीव धोक्यात असलेल्या माणसाला आम्ही वाचवतो, तो कोण आणि कुठून आला हे विचारत नाही, एवढेच तिने सांगितले. त्या निवेदनानंतर एका दिवसात ऑनलाइन २ लाख पौंडांहून अधिक देणग्या आल्या. एरवीचा आकडा दिवसाला सहा-सात हजारांच्या घरात असे.

ही संस्था म्हणजे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, थोडक्यात आरएनएलआय. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर तिची २३८ ठाणी आहेत. १८२४ पासून तिने १ लाख ४६ हजारांहून अधिक जीव वाचवले आहेत. मराठी वाचकाला यात पहिल्यांदा खटकेल ती गोष्ट अशी, की हे सरकारी खाते नाही. आपल्याकडे समुद्रातल्या शोध आणि बचावाची जबाबदारी तटरक्षक दलाची, आणि पश्चिम किनाऱ्याचे समन्वय केंद्र मुंबईत. ब्रिटनमध्ये संकटाची हाक सरकारी कोस्टगार्डकडे येते, पण किनाऱ्यावरून पाण्यात उतरणारी बोट बहुतेक वेळा या धर्मादाय संस्थेची असते. तिच्यावर गावातला शिक्षक असतो, सुतार असतो, हॉटेलवाला असतो. कमरेचा पेजर वाजला की हातातले काम टाकून धावायचे. मोठ्या ठाण्यांवर यंत्रे सांभाळणारा मेकॅनिक आणि कधी कधी बोटीचा तांडेल पगारी असतो, बाकीचे स्वयंसेवक.

हे असे का, याचे उत्तर दोनशे वर्षांच्या हिशेबाच्या वह्यांत आहे. त्या वह्यांत पैशाच्या जवळजवळ प्रत्येक नोंदीमागे कुणाचे तरी मरण आहे.

सुरुवात आयल ऑफ मॅन बेटावरची. डग्लस बंदरात राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांनी १८२२ च्या हिवाळ्यात आपल्या डोळ्यांसमोर जहाजे खडकांवर आदळताना पाहिली. लाइफबोट ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. १७९० मध्येच साउथ शील्ड्सला हेन्री ग्रेटहेड यांनी बांधलेली ‘ओरिजिनल’ नावाची बोट पाण्यात होती. त्याच्या आदल्या वर्षी टाइन नदीच्या मुखाशी एक जहाज फुटले, काठावर हजारो लोक उभे होते आणि खलाशी एकेक करून पाण्यात पडताना पाहण्यापलीकडे कुणाला काही करता आले नव्हते. त्या हतबलतेतून ती बोट आली. पण अशा बोटी ज्या गावाने पैसा काढला त्या गावापुरत्याच होत्या. हिलरींनी १८२३ मध्ये देशाला उद्देशून एक पत्रक काढले. साऱ्या किनाऱ्यासाठी एकच संस्था हवी, वाचवणाऱ्यांना बक्षीस हवे, बुडालेल्यांच्या बायका-मुलांना आधार हवा, आणि वाचवताना देश पाहू नये, युद्ध चालू असले तरीही. २०२१ चे उत्तर त्या पत्रकातच लिहिलेले होते.

नौदलाच्या वरिष्ठांकडून त्यांना फारसा प्रतिसाद मिळाला नाही. मग त्यांनी लंडनच्या व्यापाऱ्यांची आणि खासदारांची दारे ठोठावली. खासदार टॉमस विल्सन यांनी हे काम हातात घेतले आणि ४ मार्च १८२४ रोजी लंडन टॅव्हर्नमध्ये सभा भरून संस्था स्थापन झाली. राजा चौथा जॉर्ज आश्रयदाता, पंतप्रधान लॉर्ड लिव्हरपूल अध्यक्ष. नावे मोठी होती, पहिल्या वर्षी पैसाही आला. मग ओघ आटला. मोठ्या नावांनी संस्था उभी राहते, ती चालवायला दुसरेच काहीतरी लागते, हे त्या पहिल्या पंचवीस वर्षांकडे पाहताना फार जाणवते. १८५० च्या सुमारास वर्षाची जमा काही शे पौंडांवर घसरली होती आणि कितीतरी बोटी छपरांखाली कुजत होत्या.

हिलरी स्वतः मात्र बोटीवर जात राहिले. १८३० मध्ये ‘सेंट जॉर्ज’ ही टपालाची आगबोट डग्लसच्या तोंडाशी कॉनिस्टर खडकावर चढली तेव्हा ते साठीला टेकले होते आणि त्यांना पोहता येत नव्हते. लाटेने त्यांना बोटीबाहेर फेकले, बरगड्या मोडल्या, साथीदारांनी वर ओढून घेतले. आगबोटीवरचे सगळेच्या सगळे २२ जण वाचले. पुढे त्या खडकावर हिलरींनी वर्गणी काढून एक बुरूज बांधवला, फुटलेल्या जहाजावरच्या माणसाला भरतीत तग धरता यावा म्हणून. तो आजही उभा आहे. हिलरी १८४७ मध्ये वारले, आर्थिक डबघाईला येऊन.

संस्था पुन्हा उभी राहिली ती १८४९ च्या डिसेंबरमधल्या एका अपघातानंतर. टाइनच्या मुखाशी लाइफबोटच उलटली आणि वाचवायला गेलेल्यांतले २० जण बुडाले. नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकने उलटली तरी आपोआप सुलटी होणाऱ्या बोटीसाठी स्पर्धा लावली. ग्रेट यार्मथच्या जेम्स बीचिंग यांचा आराखडा पहिला आला. १८५० मध्ये रिचर्ड लुईस नावाचा खमका चिटणीस मिळाला. १८५४ मध्ये संस्थेला आजचे नाव मिळाले, कॅप्टन वॉर्ड यांचे बुचाचे जीवरक्षक जाकीट आले आणि सरकारी अनुदानही सुरू झाले.

जाकिटाचे मोल १८६१ मध्ये व्हिटबी गावाला कळले. ९ फेब्रुवारीच्या वादळात तिथली बोट दिवसभरात पाच वेळा गेली आणि माणसे घेऊन परतली. सहाव्या खेपेला उलटली. तेरातले बारा गेले. जो वाचला त्या हेन्री फ्रीमनच्या अंगावर नवे जाकीट होते, इतरांच्या अंगावर नव्हते.

अनुदानाचे मात्र उलटे झाले. सरकारचा पैसा आला की सरकारचे नियम येतात, तपासण्या येतात, हे एक. त्याहून मोठे नुकसान असे, की सरकार देतेच आहे तर आपण कशाला, असा विचार करून लोकांनी हात आखडता घेतला. १८६९ मध्ये संस्थेने अनुदान सोडून दिले. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. वादळात बोट लोटणाऱ्याला निदान समोर माणूस दिसत असतो. इथे समितीच्या टेबलावर बसून हातातला खात्रीचा पैसा नाकारायचा होता. १८९७ मध्ये कारभाराविषयी तक्रारी झाल्या आणि संसदेच्या समितीने चौकशी केली. लोकांच्या दातृत्वावर हे काम नीट चालते आहे तोवर सरकारने ते ताब्यात घेऊ नये, असाच निष्कर्ष तिनेही काढला.

पण त्याआधी लँकेशरच्या किनाऱ्यावर ती रात्र येऊन गेली होती. ९ डिसेंबर १८८६. लिव्हरपूलहून दक्षिण अमेरिकेतल्या ग्वायाकिलला निघालेले ‘मेक्सिको’ हे जर्मन शिडाचे जहाज साउथपोर्टजवळ वाळूत रुतले. तीन ठाण्यांच्या बोटी निघाल्या, तिन्ही वल्ह्यांच्या. सेंट ॲन्सची ‘लॉरा जॅनेट’ तेरा माणसांसह गेली, त्यांतला एकही परतला नाही. साउथपोर्टची ‘एलायझा फर्नली’ जहाजाजवळ पोहोचली आणि तिथेच उलटली. सोळांपैकी दोघे वाचले. लायथमच्या तिसऱ्या बोटीने जहाजावरचे सगळे बारा खलाशी सुखरूप काढले. बाराजणांसाठी सत्तावीस गेले. मागे १६ विधवा आणि ५० पोरकी मुले राहिली. हे सगळे मासे आणि कोळंबी पकडून पोट भरणारे लोक होते, त्यांच्या घरात साठवलेले काही नव्हते. आपल्याकडे १९४७ मध्ये ‘रामदास’ बुडाली तेव्हा होड्या वळवून माणसे पाण्यातून काढणारे रेवसचे कोळी आठवावेत; समुद्रावर सगळीकडे पहिला हात याच वर्गाचा पुढे येतो.

कुटुंबांसाठी निधी निघाला. व्हिक्टोरिया राणीने आणि जर्मन सम्राटानेही त्यात भर घातली. सेंट ॲन्सला राहणारे मँचेस्टरचे कापड गिरणीवाले चार्ल्स मकारा त्या कामात होते. वर्गणी गोळा करता करता त्यांनी संस्थेचे ताळेबंद नीट वाचले आणि त्यांच्या लक्षात आले की खर्च जमेच्या बराच पुढे गेला आहे, आणि जमा आहे तिचा मोठा भाग साऱ्या देशातल्या साधारण शंभर श्रीमंतांकडून येतो. गिरणीत हजारो कामगार होते. त्यांच्यापर्यंत कुणी गेलेच नव्हते.

ऑक्टोबर १८९१ मधल्या एका शनिवारी मकारांनी समुद्रच शहरात आणला. मँचेस्टरच्या रस्त्यांवरून लाइफबोटी मिरवत निघाल्या, वर खलाशी बसलेले, पुढे बँड. त्या बोटी पुढे बेल व्ह्यू या करमणुकीच्या बागेतल्या तळ्यात उतरवल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांपर्यंत आणि ट्रामच्या टपावर बसलेल्यांपर्यंत पोहोचावे म्हणून लांब काठ्यांना थैल्या बांधल्या होत्या. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नसेल अशांनी त्यांत पेन्या टाकल्या. पाच हजार पौंडांहून अधिक जमले. ब्रिटनमध्ये रस्त्यावर डबा हलवून धर्मादाय पैसा गोळा करण्याची रीत इथूनच सुरू झाली असे मानतात. त्यांच्या पत्नी मारियन मकारा यांनी स्त्रियांची मंडळे बांधली, आणि पुढची शंभर वर्षे गावोगावचा निधी मुख्यत्वे बायकांनीच उभा केला. बोट पुरुष वल्हवत होते हे खरे. पण ती बोट विकत घेतली बायकांनी, चहापाण्याच्या कार्यक्रमांतून आणि दारोदार फिरून.

पैशाने काय मिळते हे पहिल्या महायुद्धात एका जहाजाने दाखवले, आणि त्या जहाजाचा आपल्याशी धागा आहे. ‘रोहिला’ हे भारताच्या किनाऱ्यावर जहाजे चालवणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीचे जहाज, नाव रोहिलखंडातल्या रोहिल्यांवरून. इस्पितळ जहाज म्हणून डंकर्ककडे जाताना ३० ऑक्टोबर १९१४ च्या पहाटे ते व्हिटबीजवळ खडकावर फुटले. किनारा हाकेच्या अंतरावर, तरी वल्ह्यांच्या बोटींना दोन फेऱ्यांत ३५ जणांनाच आणता आले. दुसरी एक बोट दोरखंडांनी कड्यावरून खाली सोडली, तीही लाटांपुढे हरली. तीन दिवस माणसे मोडक्या जहाजाला धरून होती. शेवटी टाइनमथहून ‘हेन्री व्हर्नन’ ही इंजिनाची बोट युद्धामुळे दिवे विझवलेल्या किनाऱ्याने रात्रभर चालत आली, तिने समुद्रावर तेल ओतून लाटा दबवल्या आणि उरलेल्या पन्नास जणांना उतरवले. ऐंशीहून अधिक माणसे गेली होती. इंजिनावर विश्वास न ठेवणाऱ्या जुन्या तांडेलांचा विरोध त्यानंतर मावळत गेला. इंजिन म्हणजे जास्त खर्च, आणि तो खर्चही वर्गणीतूनच भागला.

१९ डिसेंबर १९८१ च्या रात्री कॉर्नवॉलमधल्या माउसहोल गावातली ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी बोट इंजिन बंद पडलेल्या ‘युनियन स्टार’ जहाजाकडे गेली. जहाजावर आठ माणसे होती, त्यांत कप्तानाची बायको आणि दोन मुली. वाऱ्यापुढे हेलिकॉप्टरचे काही चालले नव्हते. निघताना तांडेल ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांनी एक नियम पाळला: एका घरातून एकच माणूस. ज्याचे वडील आधीच बोटीवर होते त्या तरुणाला त्यांनी किनाऱ्यावर ठेवले. चौघांना बोटीवर घेतल्याचा निरोप रेडिओवर आला आणि मध्येच तुटला. लाइफबोटीवरचे आठ आणि जहाजावरचे आठ, सोळाच्या सोळा गेले. देशभरातून आलेला निधी ३० लाख पौंडांच्या घरात पोहोचला. त्यावर कर लावण्याची हालचाल सरकारकडून झाली तेव्हा लोक इतके खवळले की ती थांबवावी लागली. माउसहोलमध्ये मात्र एका दिवसाच्या आत नव्या बोटीला पुरतील एवढ्या माणसांनी नावे दिली होती. किनाऱ्यावर ठेवलेला तो मुलगा पुढे त्याच ठाण्याचा तांडेल झाला.

आजचा खर्च वर्षाला २० कोटी पौंडांच्या आसपास आहे, एकेक नवी मोठी बोट २० लाख पौंडांवर जाते. रस्त्यावरचा डबा आहे, बोटीच्या आकाराची पेटी दुकानांच्या गल्ल्यावर आहे, १९६० च्या दशकात टीव्हीवरच्या ‘ब्लू पीटर’ कार्यक्रमाच्या हाकेला ओ देऊन मुलांनी जुनी पुस्तके गोळा करून चार छोट्या बोटी घेऊन दिल्या, तेही आहे. पण सर्वांत मोठा वाटा मृत्युपत्रांतून येतो. दहापैकी सहा बोटी अशा पैशावर पाण्यात उतरतात असे संस्था सांगते. म्हणूनच ‘हेन्री व्हर्नन’सारखी माणसांची नावे बोटींना दिलेली दिसतात, जशी आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर देणगीदारांची असतात. एवढी मोठी देणगी ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी अलीकडे काही बोटींवर सोय केली आहे. गेलेल्या आपल्या माणसाचे नाव द्यायचे. बोटीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवलेला तिचा क्रमांक अगदी जवळ जाऊन पाहिला, की ती अक्षरे अशा हजारो बारीक नावांनी भरलेली दिसतात.